भोळा म्हणून माफ?

मैदानावर गुलाबी धुकं पसरलंय, त्यातून हत्तीएवढी झिपरी कुत्र्याची पिल्लं धावतायत आणि त्यांच्यामधून एक खेळाडू बॉल घेऊन निघालाय. गाब्रियेल अब्रांतेश आणि डॅनियल श्मिट यांच्या 'दियामांतिनो' (२०१८) या पोर्तुगीज सिनेमातल्या स्टार फुटबॉलरला खेळताना जग असं दिसतं. बघणाऱ्याला रोनाल्डो आठवतोच. याच्या डोक्यात मात्र पिल्लांपलीकडे फारसं काही नाही.

एकदा समुद्रात त्याला निर्वासितांची बोट दिसते. त्यानंतर वर्ल्ड कप फायनलमध्ये ऐन पेनल्टीला पिल्लं येतच नाहीत. पेनल्टी हुकते, वडील जातात. मग हा ठरवतो, निर्वासित मुलगा दत्तक घ्यायचा. घरात येतो तो 'मुलगा' म्हणजे याच्या पैशांची चौकशी करणारी गुप्तहेर आयशा. तिकडे जुळ्या बहिणींनी त्याला विकलेलंच असतं: कुणी त्याचे क्लोन बनवतंय, कुणी युरोपियन युनियन सोडा म्हणणाऱ्या जाहिरातीत त्याला उभं करतंय.

मी खूप हसलो, पण या जाहिरातीपाशी अडकलो. निर्वासितांसाठी रडलेला माणूस त्यांना नको म्हणणाऱ्यांचा चेहरा होतो आणि त्याला पत्ताही नाही. कार्लोतो कोत्ताने त्याचे डोळे इतके निर्मळ ठेवलेत की आपल्याला रागही येत नाही.

मला यायला हवा होता. मी कोड लिहितो. तिकीट येतं, मी बंद करतो. आमच्या एका फीचरमधून लोकांची माहिती नेमकी कुणाकडे जाते, हे मी आठ महिने विचारलं नव्हतं. टीममधल्या नव्या मुलीने विचारलं, तेव्हा माझा चेहरा अगदी दियामांतिनोसारखा झाला असणार.

म्हणून शेवट मला पटत नाही. दियामांतिनोला प्रेम मिळतं, त्याच्याकडे जाहिरातीचा हिशेब कुणी मागत नाही. बोटीतल्या माणसांचं काय, हा प्रश्नही मागे राहतो. कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकचं सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा हा सिनेमा स्वतःच्याच नायकावर जरा जास्त लोभावलाय.

तरी बघाच, त्या पेनल्टीसाठी. सगळा देश तिला अपयश म्हणतो. मला वाटतं, दियामांतिनोला पिल्लांऐवजी माणसं दिसली ती तेवढ्या एकाच क्षणी.