यंत्रसेवेतील कोश आणि शब्दाचे वय

कोश हा वाचण्याचा ग्रंथ नव्हे, पाहण्याचा ग्रंथ होय, अशी समजूत मराठी वाङ्मयव्यवहारात फार दिवसांची आहे. त्यामुळे कोशाची समीक्षा करण्याची आवश्यकता क्वचितच कोणाला भासली. वस्तुतः कोशालाही कर्ता असतो, काळ असतो, कर्त्याची म्हणून एक आवडनिवड असते. आणि शब्दाचा अर्थ सांगताना तो कर्ता दरवेळी एक निर्णय देत असतो. हा निर्णय कोणी व केव्हा दिला हे ग्रंथाच्या मुखपृष्ठावर छापलेले असे, तोपर्यंत त्याविषयी बेफिकीर राहणे परवडत होते. आज कोश बहुधा ग्रंथरूपाने हाती येत नाही. वाचक, किंवा वाचकाच्या वतीने एखादी संगणकीय आज्ञावली, दूरच्या संगणकाकडे एक शब्द पाठविते आणि क्षणार्धात त्या शब्दापुरते उत्तर परत येते. शीर्षशब्द, त्याचे व्याकरण, त्याचा अर्थ असे उत्तराचे ठरलेले कप्पे असतात. या कप्प्यांत काय बसते आणि काय बाहेर राहते, हा प्रश्न आता केवळ तंत्रज्ञांचा उरलेला नाही.

मराठीपुरते पाहिले तर या प्रकारची सर्वांत समृद्ध सेवा शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहाची आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती, श्रीधर गणेश वझे यांचा १९११ चा आर्यभूषण शालेय कोश, दाते-कर्वे प्रभृतींचा १९३२ ते १९५० या काळात निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’, मॅक्सीन बर्न्सन यांचा विद्यार्थ्यांसाठी केलेला कोश, आणि शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश असे पाच भिन्न प्रकृतीचे ग्रंथ तेथे शोधता येतात. शेजारीच टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश आहे, बरो व एमिनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश आहे, प्लॅट्सचा १८८४ चा उर्दू-हिंदी कोश आहे. एका शब्दाचा माग मराठीतून फारसीपर्यंत वा कन्नडपर्यंत काढण्यासाठी ज्या ग्रंथांकरिता पूर्वी दोन-तीन शहरांतील ग्रंथालये धुंडाळावी लागत, ते आता एका बैठकीत पाहता येतात. ‘बृहद्कोश’ या मराठी संकेतस्थळानेही अनेक कोश एकत्र आणले आहेत. या श्रमांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

शिवाय या सेवेने कोशाला एक असा गुण दिला आहे जो छापील ग्रंथात असणे शक्यच नव्हते. छापील कोशात शब्दाकडून अर्थाकडे जाता येते; उलट वाटेने येता येत नाही. यंत्राला मात्र अर्थाच्या मजकुरातही शोध घेता येतो. विहिरीवरील मोटेचे उदाहरण घ्यावे. मोट, नाडा, सोंदूर, धाव, थारोळे ही एका जुन्या शेतीकामाची परिभाषा होय. मोटा गेल्या आणि त्यांच्याबरोबर हे शब्दही पुष्कळांच्या बोलण्यातून गेले. कोशात ते म, न, स, ध, थ अशा पाच ठिकाणी विखुरलेले असतात. शब्द आधीच ठाऊक असल्यावाचून तो सापडत नाही. अर्थाच्या मजकुरात विहिरीचा शोध घेतला की हे विखुरलेले कुटुंब पुन्हा एकत्र येऊ लागते. ग्रामीण कादंबरीच्या अभ्यासकाला आणि अनुवादकाला या सोयीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मोल्सवर्थमध्ये हा शोध इंग्रजी शब्दाने घ्यावा लागतो. मराठी माणसाला आपल्याच विहिरीवर इंग्रजीच्या दारातून जावे लागते. बेळगावकडचा कन्नड अनुवादक असो की कोलकात्याचा बंगाली, ‘महाराष्ट्र शब्दकोश’ वगळला तर त्याचीही वाट हीच.

आता अडचणींकडे वळावे. पहिली अडचण मराठीच्या घडणीतून येते. पाणी या शब्दाचे पाण्यात होते, विहीरचे विहिरीला, फुलाचे मूळ फूल आणि घोड्याचे घोडा. जी सेवा पाठविलेल्या अक्षरांशी तंतोतंत जुळणी करते तिला ‘पाण्यात’ हा शब्दच नाही. म्हणजे ज्याला भाषा येत नाही म्हणून तो कोशाकडे वळला, त्याला कोश उघडण्यापूर्वी सामान्यरूपाचे नियम ठाऊक असावे लागतात. दुसरी अडचण शुद्धलेखनाची आहे. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाने केलेल्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले व तत्सम शब्दांतील अंत्य ऱ्हस्व इकार-उकार दीर्घ झाले. मोल्सवर्थ मात्र नांव, पांच, कांहीं, करणें असेच लिहितो. त्याचा कवि ऱ्हस्व आहे. तिसरी अडचण तर डोळ्यांना दिसतही नाही. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र या अर्थाचा दर्या हे मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. त्यांतील भेद रकाराच्या एका वळणावर उभा आहे. ते वळण संगणकात दोन निरनिराळ्या रीतींनी नोंदविता येते. पडद्यावर अक्षर एकच, पण यंत्राच्या लेखी शब्द दोन. या तिन्ही अडचणी कष्टसाध्य असल्या तरी साध्य आहेत. त्या सोडविण्याची तंत्रे उपलब्ध आहेत. त्यांच्यावर अधिक रेंगाळण्याचे कारण नाही.

खरी अडचण शब्दाच्या वयाची आहे. ती समजण्यासाठी ‘दलित’ हा एकच शब्द पुरेसा आहे. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द आहे. दळलेला, भरडलेला, तुकडे झालेला असा, संस्कृत धातूवरून सरळ निघणारा अर्थ तेथे दिलेला आहे. माणसांचा त्यात काही संबंध नाही. १८५७ मध्ये यापेक्षा वेगळे काही अपेक्षिता येत नाही. पुढे विसाव्या शतकात हा शब्द अस्पृश्य समजल्या गेलेल्या समाजासाठी वापरला जाऊ लागला. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले व त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. १९६३ मध्ये बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला आणि त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली. १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्याने तर दलित कोणाला म्हणावे याची व्याख्याच केली, आणि तीत अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन व गरीब शेतकरी, स्त्रिया या सर्वांचा समावेश केला. शब्दाचा अर्थ येथे कोशकाराने नोंदविलेला नाही. ज्यांच्याविषयी तो होता त्यांनीच तो घडविला.

एखाद्या सेवेला आज हा शब्द विचारला आणि तिने मोल्सवर्थचा अर्थ त्याच्या नावावाचून व सालावाचून परत केला, तर काय घडते? उत्तर खोटे नसते. परंतु शंभर वर्षांच्या चळवळीने शब्दात ओतलेला आशय पुसला जातो आणि भंगलेपणा तेवढा उरतो. भारतीय भाषांतील दलित साहित्यावरील लेखनात, विशेषतः इंग्रजीतील लेखनात, आरंभीच या शब्दाची धातूपासून व्युत्पत्ती देऊन पुढे चालण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्यात हा दोष यंत्राच्याही आधीपासून होता. बागुलांच्या कथांतील माणसे भरडली गेलेली आहेत हे खरे. पण ती ताठ मानेने बोलतात, नाकारतात, जाब विचारतात, आणि ‘दलित’ या शब्दाच्या आजच्या अर्थात हा नकार अंगभूत आहे. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे भाषाशास्त्रातले प्राथमिक तत्त्व येथे सोयीस्करपणे विसरले जाते. विनावर्षाची कोशसेवा या विसराळूपणाला प्रामाण्याचा शिक्का देते, एवढाच तिचा अधिक अपराध.

जे एका शब्दाचे तेच कमीअधिक प्रमाणात शेकडो शब्दांचे. मोल्सवर्थचा कोश हा मराठी भाषेवरील मोठा उपकार होय. १८३१ च्या पहिल्या आवृत्तीत सुमारे ४०,००० असलेले शब्द दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० झाले. त्याने बोलीतले, घरगुती, ग्राम्य म्हणून हिणवले गेलेले शब्दही टाकले नाहीत, ही त्याची थोरवी. पण या उदारतेतूनच त्या काळच्या समाजाची जातिविषयक व स्त्रीविषयक तुच्छताही म्हणींच्या आणि वाक्प्रचारांच्या रूपाने कोशात उतरली. ज्या वाचकापुढे कोशाचे पान आहे, जुना टंक आहे, त्याला तो मजकूर एकोणिसाव्या शतकाचा दस्तऐवज म्हणूनच भेटतो. कप्प्यात बसवून आलेल्या सुट्या उत्तराला तसे रूप नसते. ते वर्तमानकाळात बोलते. याच १८५७ साली बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. कादंबरी हे एका वाङ्मयप्रकाराचे नाव म्हणून रूढ व्हावयाचे होते. मराठी कादंबरीच्या जन्मकाळच्या कोशाला आजच्या कादंबरीची भाषा विचारणे कितपत न्याय्य आहे?

‘महाराष्ट्र शब्दकोशा’च्या बाबतीत हानी वेगळ्या प्रकारची होते. या कोशाचे सामर्थ्य त्याच्या अवतरणांत व प्रादेशिक निर्देशांत आहे. अर्थापुढे ज्ञानेश्वरीचा वा तुकारामगाथेचा संक्षेप येतो, शब्द गोमंतकातला की वऱ्हाडातला हे एका-दोन अक्षरांच्या खुणेने सांगितलेले असते. या खुणांची फोड ग्रंथाच्या आरंभीच्या संक्षेपसूचीत आहे. सूची हा काही शब्द नव्हे. म्हणून शब्दामागे धावणारी सेवा तिला सोबत आणीलच असे नाही. मग ‘गो.’ आणि ‘व.’ ही अक्षरे मजकुरात निरर्थक लोंबत राहतात, किंवा एखादा उत्साही तंत्रज्ञ स्वच्छतेच्या नावाखाली ती काढून टाकतो. एका टिंबासह एक अक्षर गेले की एक प्रदेश गेला. तुळपुळे-फेल्डहाउस यांच्या कोशात तर अवतरणस्थळ हाच नोंदीचा प्राण आहे. महानुभावीय गद्यातील शब्द कोणत्या ग्रंथात आला आहे हे काढून घेतले तर मागे राहणारा इंग्रजी प्रतिशब्द अभ्यासकाच्या फारसा कामाचा नाही.

कोशांच्या पलीकडे जाऊन शब्दांचे परस्परसंबंध यंत्राला पुरविणारी एक वेगळी रचना आहे, तिचाही निर्देश केला पाहिजे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात १९८५ पासून जॉर्ज मिलर यांच्या मार्गदर्शनाखाली इंग्रजीसाठी शब्दजाल उभे राहिले. त्याच्या धर्तीवर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत हिंदीचे शब्दजाल झाले व त्याच्या विस्ताराने मराठीचे; कोकणीचे काम गोवा विद्यापीठात झाले. समानार्थी शब्दांचा एक संच म्हणजे एक संकल्पना, आणि तीच संकल्पना सर्व भाषांत एका क्रमांकाने जोडलेली, अशी ही योजना आहे. भारतीय भाषांमधील अनुवादाला ती फार उपकारक आहे. मात्र हिंदीतील संकल्पना घेऊन तिला मराठी शब्द शोधण्याच्या पद्धतीत, जे मराठीत आहे पण हिंदीत एका शब्दात नाही, ते आपोआप हाती येत नाही. माहेरवाशीण हा शब्द घ्या. माहेरी आलेली लेक एवढ्याने त्याचा अर्थ पुरा होत नाही. ओवीपासून ग्रामीण कथेपर्यंत त्याच्याभोवती जमलेले सारे भावविश्व त्यात आहे. असे शब्द प्रत्येक भाषेत असतात, आणि त्यांच्यासाठी त्या भाषेच्या बाजूने निराळा प्रयत्न करावा लागतो.

हे सर्व पाहता अशा सेवेकडून समीक्षकाने काय मागावे, हे स्पष्ट होते. प्रत्येक उत्तराबरोबर कोशाचे नाव, आवृत्ती आणि वर्ष आले पाहिजे. हे पडद्यावर वाचणाऱ्या माणसाला जितके आवश्यक तितकेच ते उत्तर दुसरीकडे नेणाऱ्या यंत्राला आवश्यक आहे. इंग्रजीत वर्डनिक ही सेवा निरनिराळ्या कोशांतील अर्थ एकमेकांशेजारी, त्या त्या कोशाच्या नावासह मांडते. त्यामुळे एका शब्दाविषयी कोशकारांचा मतभेदही वाचकाला दिसतो. शिकागोच्या संग्रहानेही कोशाचे नाव आणि मूळ ग्रंथाचा पृष्ठांक जपला आहे, ही त्याच्या कर्त्यांच्या ग्रंथनिष्ठेची खूण होय. धोका तेथे नाही. तेथून उचलून नाव-साल गाळून पुढे चालविल्या जाणाऱ्या उत्तरांत आहे.

त्यातही एक आर्थिक कारण दडलेले आहे, ज्याची चर्चा वाङ्मयीन वर्तुळात होत नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. त्यामुळे जे विनामूल्य व निर्वेधपणे वापरता येते ते जुने असते, आणि जे जुने तेच यंत्रांच्या वाट्याला सर्वाधिक येते. १८५७ ची मराठी अशा रीतीने यंत्रांची मराठी होऊ पाहते. ‘गोलपिठा’तील मुंबईच्या वस्तीची भाषा तीत नाही, गेल्या साठ-सत्तर वर्षांत बोलींतून लेखनात आलेले शब्द तीत नाहीत. तुळपुळे-फेल्डहाउस व बर्न्सन यांचे अलीकडचे कोश मात्र या संग्रहात आले आहेत. तेव्हा नव्या कोशांची वाट कायद्याने बंद केलेली आहे, असे म्हणता येत नाही. संस्थांनी व प्रकाशकांनी ती मागावयाची आहे, आणि त्या वाटेने पाठविण्याजोगा १९५० नंतरच्या मराठी लेखनाचा सावतरण कोशही सिद्ध करावयाचा आहे.