आर्या आणि निरूपण

कऱ्हेच्या काठची बारामती ही मोरोपंतांची नगरी. पन्हाळ्याहून आलेले पंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथे स्थिरावले आणि १७९४ साली निवर्तले. त्यांच्या आर्या विद्वत्तेने एवढ्या घट्ट विणलेल्या आहेत, की सामान्य श्रोत्याला त्या एकदम उमगणे कठीण. तरीही त्या महाराष्ट्रात घरोघर पोहोचल्या, त्या कीर्तनकारांमुळे. कीर्तनकार आर्या म्हणतो, थांबतो, तिचा एकेक पदर उलगडतो, श्रोत्यांच्या रोजच्या व्यवहारातला दाखला देतो आणि मग पुन्हा तीच आर्या म्हणतो. आपल्या फादर स्टीफन्स यांचे १६१६ साली छापले गेलेले ‘ख्रिस्तपुराण’ देखील गोमंतकातील मंदिरांत जमलेल्या भाविकांना वाचून दाखवले जात असे. ग्रंथ कितीही थोर असो, तो श्रोत्याच्या अंतःकरणात उतरायचा तर मध्ये एक जिवंत माणूस लागतो, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते.

शैक्षणिक चित्रफितींचा परामर्श घेताना या जुन्या गोष्टींचे स्मरण व्हावे, याला कारण आमचीच एक चूक आहे. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा धर्मग्रामातील पालकांना आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले होते, की मुलांच्या हाती मोबाइल द्या. शाळा घरी चालत येईल. कित्येकांनी कर्ज काढून मोबाइल घेतले. इंदापूरच्या बाजूला शेतावर सालाने राहणाऱ्या एका कुटुंबात मात्र एकच मोबाइल होता आणि विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर त्यावरच चालत असल्याने तो दिवसभर वडिलांच्या खिशात असे. चौथीतली त्यांची मुलगी रात्री जेवणे झाल्यावर चित्रफिती पाही. दोन वर्षांनी आम्ही तिला सहज विचारले, तेव्हा तिने जवळजवळ सगळे धडे ‘पाहिलेले’ होते. परंतु त्यांतील एकही गोष्ट तिला स्वतःच्या शब्दांत सांगता येईना. दोष तिचा नव्हता. आर्या तिच्यापर्यंत पोहोचली होती. निरूपण करणारे कोणीच नव्हते. आम्हीही नव्हतो.

दृक्श्राव्य शिक्षणाचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली आणि दूरदर्शनवरून मुलांसाठी मराठीत कार्यक्रम येऊ लागले. ही संस्था पुढे बंद पडली. २०२० च्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली गेली. तिने घरात आणि अंगणात करता येण्याजोग्या कृतींवर भर दिला, ही तिची जमेची बाजू. पाठ्यपुस्तकांतील चौकोनी क्यूआर संकेतचिन्ह हे तर आपल्या शेजाऱ्यांचेच देणे म्हणावे लागेल. इंदापूरहून सोलापूरच्या वाटेने भीमा ओलांडली, की माढा तालुका लागतो. तेथील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाला अशा चिन्हांची जोड दिली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आज मोबाइलमधील ‘दीक्षा’ उघडून धड्यावरचे चिन्ह टिपले, की त्याच धड्याची सामग्री समोर येते. पालकांना शोधाशोध करावी लागत नाही, हा फार मोठा उपकार आहे.

मात्र सापडणे निराळे आणि उपयोगी पडणे निराळे. आम्ही पाहिलेल्या पाठ्यक्रमीय चित्रफितींपैकी बऱ्याच पुस्तकातील मजकूरच हलत्या चित्रांसह वाचून दाखवतात. मागे संगीत वाजत राहते, रंगांची उधळण होते, मूल टक लावून पाहते. पालकांना वाटते, मूल शिकत आहे. वस्तुतः ते केवळ बसलेले असते.

याच्या उलट टोकाला पुण्याच्या अरविंद गुप्ता यांच्या चित्रफिती आहेत. कानपूरच्या आय. आय. टी.तून अभियंता होऊन गुप्ता टेल्कोत रुजू झाले. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि आगकाड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, रिकाम्या डब्या अशा बाजारहाटातील वस्तूंतून खेळणी बनवू लागले. पुढे पुण्याच्या ‘आयुका’मधील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अशोक रूपनेर आदी सहकाऱ्यांसह त्यांनी या खेळण्यांच्या शेकडो चित्रफिती केल्या. मराठीसह अनेक भाषांत त्या विनामूल्य उपलब्ध आहेत. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या चित्रफितींचा पहिला गुण म्हणजे त्यांचे अल्पत्व. पुष्कळशा एक-दोन मिनिटांतच संपतात. दुसरा गुण असा, की पडद्यावर वक्त्याच्या चेहऱ्यापेक्षा काम करणारे हात अधिक दिसतात. तिसरा आणि आमच्या मते सर्वांत मोठा गुण हा, की त्या मुलाला बसू देत नाहीत. चित्रफीत संपताच मूल उठते आणि घरात जुना सेल, सेफ्टी पिन, रबर शोधू लागते. ज्या चित्रफितीनंतर मूल पुढची चित्रफीत लावते, ती करमणूक. जिच्यानंतर ते मोबाइल खाली ठेवते, ती शिक्षण. आमची समीक्षेची कसोटी एवढीच आहे.

तथापि गुप्तांच्या कृतींनाही निरूपण हवे, याचा अनुभव आम्हांस त्याच मुलीने दिला. मंदिराशेजारच्या सभागृहात आम्ही सात-आठ मुलांना त्यांची विजेची छोटी मोटार दाखवली. एक सेल, त्याच्या दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने धरलेल्या दोन सेफ्टी पिना, सेलवर चिकटवलेले चुंबक आणि पिनांच्या छिद्रांत टेकवलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे, एवढाच पसारा. तार आम्ही मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणली होती. इतर मुलांची वेटोळी गरगरू लागली. हिचे मात्र नुसते झटके देऊन थांबे. रडवेली होऊन ती म्हणाली, “फादर, मी दाखवलं तसंच केलंय.”

तिने तारेच्या टोकांवरचा लेप चहूबाजूंनी खरवडला होता. तो तीनच बाजूंनी खरवडायचा असतो. आम्ही चित्रफीत थांबवली, तेवढाच भाग पुन्हा दाखवला आणि विचारले, “चौथी बाजू का ठेवली असेल?” मुले विचारात पडली. हळूहळू उलगडा झाला. वीज सतत वाहत राहिली, तर वेटोळे अर्धा फेरा फिरताच चुंबकाचा जोर त्याला उलट ढकलतो. लेपाची बाजू पिनेला टेकली, की वीज क्षणभर तुटते, वेटोळे आपल्याच वेगाने तो अर्धा फेरा ओलांडते आणि मग पुन्हा त्याला योग्य दिशेने ढकल मिळते. मुलीने नवी तार घेतली, नेमक्या तीन बाजू खरवडल्या. वेटोळे फिरू लागले. पाच मिनिटांनी तिने विचारले, “आमच्या विहिरीवरची मोटार पण अशीच फिरते का?”

तत्त्व तेच, रचना निराळी, असे आम्ही सांगितले. परंतु आमच्या दृष्टीने मोल त्या प्रश्नाचे होते. दोन वर्षांच्या ‘पाहण्या’तून असा एकही प्रश्न निघाला नव्हता. एवढ्या आटोपशीर चित्रफितीत कृती चोख दिसते, पण ‘का’साठी सवड उरत नाही, ही तिची मर्यादा. ती कोणा माणसाने भरून काढावी, अशीच तिची रचना असावी, असे आम्हांस वाटते. आणखी एक उणीव नोंदवली पाहिजे. या शेकडो चित्रफितींतून कोणती कोणत्या इयत्तेच्या कोणत्या धड्याला जोडावी, हे पालकाला चटकन कळत नाही. तेव्हा धडा संकेतचिन्हाने शोधावा आणि त्याला साजेशी कृती गुप्तांच्या संग्रहातून निवडावी, हा मध्यममार्ग आम्हांस बरा वाटतो.

पालकांसाठी आमच्या अनुभवातील चार गोष्टी सांगतो. चित्रफीत आधी स्वतः पाहावी. शोध देवनागरी अक्षरांत घ्यावा. मराठी सामग्री लवकर सापडते. सोय असेल तेथे ती आधीच उतरवून ठेवावी, म्हणजे रेंज नसलेल्या वस्तीवरही ती दिसते आणि पाठोपाठ आपोआप सुरू होणाऱ्या भलत्या चित्रफितींचा मोह टळतो. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: दर मिनिटाला थांबवून एक प्रश्न विचारावा. उत्तर आपल्याला ठाऊक नसले तरी चालेल. “मलाही माहीत नाही, बघू या” हे आईचे वाक्य कित्येक व्याख्यानांपेक्षा मोलाचे आहे.

वाचकहो, २०२० साली आम्ही पालकांना अर्धीच गोष्ट सांगितली होती. उरलेली आज सांगतो. मोबाइल मुलाच्या हाती जरूर द्या. परंतु त्याच्या शेजारी तुम्हीही बसा. त्या शेतावरच्या घरात अजूनही मोबाइल एकच आहे. तो संध्याकाळी वडिलांच्या खिशातून निघतो, तेव्हा आता मुलीशेजारी वडीलही बसतात, असे तिची आई सांगते. मोटारीतले त्यांना तिच्यापेक्षा अधिक कळते. निरूपणकार घरातच होता.