‘कोसला’ : कोष, धागा आणि प्रतीकाचा मोह

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिच्याविषयीची चर्चा प्रामुख्याने दोन अंगांनी झाली. एक, तिच्यातील अस्तित्ववादी जाणीव, दुसरे, जे. डी. सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’शी (१९५१) असलेले तिचे नाते. या दोन्ही चर्चांत एक गृहीत दडलेले असते : अस्वस्थ तरुण निवेदकाची कादंबरी प्रतीकांच्या आधारे उलगडते. हे गृहीत ‘कोसला’ला कितपत लागू पडते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

सॅलिंजरचा होल्डन कॉलफिल्ड सतरा वर्षांचा आहे आणि जेमतेम वर्षभरापूर्वीची हकीकत सांगतो आहे. त्याच्याभोवती वस्तूंची एक सुसंगत मालिका उभी राहते. लाल टोपी, गोठलेल्या तळ्यातील बदकांची चिंता, काहीच बदलत नाही म्हणून प्रिय असलेले संग्रहालय आणि मृत भावाचा, हिरव्या शाईने कविता लिहिलेला बेसबॉलचा हातमोजा. या साऱ्यांचा रोख एकाच इच्छेकडे आहे : बाल्य जसेच्या तसे राखावे, कुणाला कड्यावरून पडू देऊ नये. होल्डनच्या शोकाला हातात धरता येईल अशी वस्तू मिळते. म्हणून तेथे प्रतीकांचा अन्वय लावणे संहितेशी सुसंगत ठरते.

पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा आहे. खेड्यातून पुण्याला शिकायला जाणे, वसतिगृहातील दिवस, कर्ज, अपयश आणि गावी परतणे हे सारे तो मागे वळून सांगतो. त्याची धाकटी बहीण मरते. परंतु तिची आठवण जपणारी एखादी वस्तू कादंबरी निवेदकाच्या हाती देत नाही. दुःख घरावरच्या, वडिलांवरच्या संतापात मिसळून जाते, आणि त्याला तोलून धरणारी प्रतिमा सापडत नाही. दोन्ही कादंबऱ्यांत भावंडाचा मृत्यू आहे, एवढ्या साम्यावरून प्रभावाचा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हा भेद पुरेसा लक्षात घेतलेला नाही.

याहून महत्त्वाचा पुरावा कादंबरीच्या रूपबंधातच आहे. पांडुरंग आणि त्याचा मित्र सुरेश भविष्यातील इतिहासकाराच्या नजरेने स्वतःच्या वर्तमानाकडे पाहण्याचा खेळ खेळतात. क्षुल्लक गोष्टींना भव्य अर्थ चिकटवणाऱ्या अभ्यासकी वृत्तीचे ते विडंबन आहे. जी संहिता अर्थ लावण्याच्या सोसाचीच थट्टा करते, तिच्यातून प्रतीकांची यादी काढणे म्हणजे त्या थट्टेचा विषय होणे होय. परीक्षेच्या निमित्ताने आपण विद्यार्थ्यांकडून नेमके हेच करवून घेतो.

तरीही एक प्रतीक लेखकाने स्वतःच शीर्षकात ठेवले आहे. ‘कोसला’ म्हणजे कोष. त्याचा रूढ अन्वय ‘आत्ममग्नता’ असा केला जातो; काही जण त्यात भावी पाखराची सूचनाही पाहतात. काही वर्षांपूर्वी हाच अन्वय वर्गात सांगत असताना हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूरकडच्या एका विद्यार्थ्याने मला अडवले. त्याच्या घरी तुतीची लागवड होती. तो म्हणाला, “सर, पाखरू बाहेर पडलं तर कोष फुटतो. फुटक्या कोषाला भाव नसतो.” अखंड धागा हवा असेल तर आतला जीव उष्णतेने मारावा लागतो, हे तो रोज पाहत होता. मी ते केवळ पुस्तकात वाचले होते.

या एका वाक्याने शीर्षकाचा अर्थ पालटतो. संस्कारकादंबरीचा पाश्चात्त्य साचा पाखरू गृहीत धरतो : नायक अनुभवातून जातो आणि प्रौढ होऊन बाहेर पडतो. ‘कोसला’त असे बाहेर पडणे घडत नाही. मागे राहतो तो धागा, म्हणजेच निवेदन. पांडुरंगची पंचवीस वर्षे वाया गेली असतील. पण त्याची बोली, त्याचा तिरकसपणा, त्याचे सांगणे मात्र न तुटता आपल्या हाती येते. त्या सांगण्याची किंमत आत कोण गुदमरले यावरून ठरते, हे भान कोषाचे प्रतीक देते.

या वाचनाची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. धागा एकाच माणसाचा आहे. घरातील स्त्रिया आपल्यापर्यंत पोहोचतात त्या पांडुरंगच्या रागातून आणि कणवेतून. त्यांचे स्वतःचे सांगणे या कोषात नाही. बहिणीचा मृत्यूही अखेर भावाच्या निवेदनाचा भाग होतो. हे उणेपण निवेदकाचे की कादंबरीचे, याचा निर्णय सहज करता येत नाही.

मात्र एवढे निश्चित म्हणता येईल : ‘कोसला’ला परात्मतेचे उदाहरण म्हणून शिकवणे सोपे आहे, आणि तितकेच ते निरुपद्रवी आहे. गाव सोडून पदवीसाठी शहरात जाणारा आणि पदवी घेऊन रिकाम्या हाताने परतणारा मुलगा आजही आपल्या वर्गात बसलेला असतो. त्याला प्रतीकांची यादी देऊन आपण पांडुरंगपासून सुरक्षित अंतरावर नेतो. हे अंतर राखणे समीक्षेचे काम नव्हे.