‘ध’चा ‘मा’: एका घराचा गुन्हा आणि आपले नाटक

भाऊबंदकी हा शब्द मराठीने मोठ्या जिव्हाळ्याने सांभाळला आहे. बांधावरचे आंब्याचे झाड, विहिरीची पाळी, माजघराची भिंत, एवढ्यावरून चुलतभाऊ पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या घरचे पाणी पीत नाहीत. आमच्या डोंबिवलीत जुन्या वाड्या आणि चाळी जाऊन तेथे इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा सातबाऱ्यावरची सख्खी नावेही एकमेकांसमोर कोर्टात उभी राहिली. अशा समाजात भाऊबंदकीवर एक थोर नाटक लिहिले गेले यात नवल नाही. नवल आहे ते निराळेच. त्या कथेने आपल्याला भाऊबंदकी फारशी शिकवली नाही. तिने शिकवले ते एक अक्षर. ‘ध’चा ‘मा’ कोणी केला, हे शाळेतले कोणतेही पोर सांगेल. नारायणराव का मारला गेला असे विचारा, मोठी माणसेही घुटमळतात.

खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याच्या दोनच वर्षे आधी सुरतेला काँग्रेस दुभंगली होती आणि १९०८ मध्ये टिळकांची रवानगी मंडालेला झाली होती. ‘केसरी’त वाढलेल्या लेखकाने अशा वेळी घरातल्या फुटीवर लिहावे, हे स्वाभाविक होते. त्या नाटकाचे बळ आजही जाणवते. खाडिलकरांचे गद्य पल्लेदार आहे, त्यांचे प्रवेश एकमेकांवर चढत जातात, आणि सत्तेसमोर उभा राहणारा त्यांचा रामशास्त्री पाहून प्रेक्षकाची मान ताठ होते. हे सारे मान्य करूनच माझी तक्रार मांडतो.

तक्रार अशी की, या नाटकाने एका घराचा गुन्हा एका बाईच्या पदरात बांधला. आनंदीबाई घडवली गेली ती शेक्सपिअरच्या लेडी मॅक्बेथच्या मुशीतून, हे पुष्कळांनी दाखवून दिले आहे. बायको महत्त्वाकांक्षी, नवरा डळमळीत. ती ढकलते आणि तो घसरतो. रंगभूमीला ही जोडी मोठी सोयीची आहे. नटाला डळमळायला मिळते, नटीला तळपायला मिळते, आणि प्रेक्षक नवऱ्याला अर्धी माफी देऊन घरी जातो. पण स्कॉटलंडच्या त्या कथेत पाहुणा म्हणून आलेल्या राजाचा खून होतो. शनिवारवाड्यात पाहुणा कोणीच नव्हता. मरणारा आणि मारवणारा एकाच घरातले, एकाच वाड्यात राहणारे होते. मॅक्बेथचा साचा येथे तोकडा पडतो तो याच जागी.

ते घर कसे होते ते पाहू. श्रीवर्धनहून घाट चढून आलेल्या बाळाजी विश्वनाथाने या घराण्याचे बस्तान बसवले आणि त्याच्या मुलाने, पहिल्या बाजीरावाने, १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला. पायाच्या दगडाला पुरती पन्नास वर्षेही झाली नाहीत, तोच बाजीरावाचा नातू त्याच वाड्यात, बाजीरावाच्याच मुलाच्या डोळ्यांदेखत कापला गेला. कमावणाऱ्या पिढीने घर उभारावे आणि तिसऱ्या पिढीने त्यात रक्त सांडावे, ही गोष्ट कोकणातल्या एखाद्या लहानशा आगराचीही असू शकते. येथे आगर म्हणजे राज्य होते, एवढाच फरक.

मधल्या पायऱ्या नाटकात अंगभर दिसत नाहीत, आणि कादंबरीकाराला मोह पडावा अशा त्याच आहेत. नानासाहेब गेल्यावर सोळा-सतरा वर्षांचा माधवराव गादीवर बसला आणि कर्तबगार काका कारभारी झाला. १७६२ मध्ये काका-पुतण्यांच्या फौजा लढल्या. आळेगावला माधवराव आपण होऊन काकाच्या छावणीत गेला, कारण घर फुटण्यापेक्षा आपण वाकणे त्याला बरे वाटले. १७६८ मध्ये धोडपला तोच माधवराव जिंकला आणि काकाला त्याने वाड्यात नजरकैदेत आणून ठेवले. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला माधवराव गेला, तेव्हा नारायणराव अवघा सतरा वर्षांचा होता. काही महिन्यांतच त्याने काकाला पुन्हा पहाऱ्यात घातले.

या मांडणीकडे नीट पाहावे. कैदी घरचाच, तुरुंग घराचाच एक कोपरा, आणि तुरुंगाधिकारी त्या कैद्याचा पुतण्या. सणवार, सोहळे, सुतक सारे एकच. चौकात सनईचौघडा वाजतो तो कैद्यालाही ऐकू येतो. रोज एकमेकांचा आवाज ऐकत एकमेकांचे भय बाळगायचे, यासारखी यातना दुसरी नाही. या घरात खून शिजायला बाईची महत्त्वाकांक्षा हवीच होती असे नाही. एवढी एक भिंत पुरेशी होती.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस होते. थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी वाड्यात घुसले. नारायणराव पळत काकाकडे गेला आणि त्याला मिठी मारून बसला. तुळाजी पवाराने त्याला ओढले, सुमेरसिंग गारद्याने वार केले. धन्याला वाचवायला अंगावर पडलेला चापाजी टिळेकर नावाचा सेवकही मारला गेला. त्या दिवशी आणखीही माणसे मेली. ग्रँट डफने नोंदवले आहे की, गारद्यांची चलबिचल नारायणरावाला सकाळीच कळली होती. त्याने हरिपंत फडक्यांना बंदोबस्ताला सांगितले, आणि हरिपंत जेवणाच्या आमंत्रणाला निघून गेले. काकाची कैद, गारद्यांची थकबाकी, कारभाऱ्याचे जेवण, धन्याचे अल्लड वय, हे सगळे एकत्र आले तेव्हा तो खून घडला.

आता त्या अक्षराकडे येऊ. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात ही हकीकत येते. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली तेव्हा राघोबाने कबूल केले की, पुतण्याला धरण्याचा हुकूम आपण दिला, मारण्याचा नव्हे. कागद तपासता ‘धरावे’चे ‘मारावे’ झालेले आढळले, आणि ते काम आनंदीबाईचे असा लोकांचा समज झाला. म्हणजे ही गोष्ट मुळात काय आहे? ती आरोपीच्या बचावाशी जोडलेली आहे. ‘मी एवढेच म्हणालो होतो, पुढचे मला ठाऊक नाही’ हे प्रत्येक फौजदारी खटल्यात ऐकू येणारे वाक्य आहे. आपल्या रंगभूमीने तो बचाव उचलला आणि त्यालाच कथानक केले. खाडाखोड केलेला तो कागद आज कोणी समोर ठेवलेला नाही. शिवाय दरबारी लिहिणे मोडीत चाले. फळ्यावर बाळबोधीत ‘ध’ आणि ‘म’ शेजारी काढून जी सोय पटकन पटते, ती मोडीच्या वळणाला लावण्यापूर्वी थांबलेले बरे.

आणि समजा, अक्षर बदलले. तरी काय झाले? थकलेल्या पगाराने चिडलेले हत्यारबंद लोक धन्याच्या अंगावर सोडून ‘फक्त धरा’ म्हणणारा माणूस निर्दोष कसा ठरतो? रामशास्त्र्यांना हे कळत होते. त्या कागदाने त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी दोष राघोबाच्या माथी ठेवला, या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही असे तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले. गंमत अशी की, आपण त्याच नाटकात रामशास्त्र्यांना टाळ्या देतो आणि घरी जाताना त्यांचा निकाल मात्र फिरवतो. १९४४ च्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’तही हेच घडते. गजानन जागीरदारांचा न्यायाधीश मनात आदराने राहतो, ललिता पवारांची आनंदीबाई चीड आणते, आणि राघोबा दोघांच्या मधून निसटून जातो.

आनंदीबाईला सोवळे ठरवण्याचा माझा हेतू नाही. तिला काय ठाऊक होते, तिने काय केले, हे इतिहासकारांनी ठरवावे. साहित्याची जबाबदारी वेगळी आहे. घर फोडले ते सुनेने, भावाभावांत वितुष्ट आणले ते जावांनी, हे आपल्या ओसरीवर रोज बोलले जाते. हिस्सा मागतात पुरुष, दावा लावतात पुरुष, काठी उगारतात पुरुष. नाव येते ते चुलीपाशी बसलेल्या बाईचे. ओसरीवरची ही समजूत तपासायची सोडून नाटकाने तिला रेशमी शालू नेसवला, ही माझी खरी खंत आहे.

घरातला वार घरात राहत नाही, हे तर आम्ही खाडीकाठच्या लोकांनी विसरूच नये. पेशव्यांचे घर दुभंगलेले पाहून इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरअखेर ठाण्याचा किल्ला घेतला. आज त्याच किल्ल्यात तुरुंग आहे. पुढच्या मार्चमध्ये राघोबाने सुरतेला तह करून साष्टी आणि वसई देऊ केली. चिमाजीअप्पाने १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जी वसई घेतली, ती त्याचाच पुतण्या देऊ करीत होता. सख्ख्या भाऊबंदाला हिस्सा द्यायचा नाही आणि परक्याला अर्धे घर लिहून द्यायचे, ही भाऊबंदकीची शेवटची पायरी होय. ती एका अक्षरात मावत नाही.

या विषयावर अजून एक मोठी कादंबरी व्हायची आहे. तिच्यात नवरा मारला गेला तेव्हा पोटुशी असलेली गंगाबाई असावी. पुरंदरावर १८ एप्रिल १७७४ ला तिला मुलगा झाला, तो सवाई माधवराव. १७९५ मध्ये त्याच वाड्यातून पडून तोही गेला, आणि तो तोल गेला की त्याने उडी घेतली, याचा वाद अजून संपलेला नाही. खाडिलकरांनी आपले पहिले नाटक त्याच मृत्यूवर लिहिले होते, म्हणजे या घराने त्यांना आधीपासूनच झपाटले होते. त्या कादंबरीत चापाजी टिळेकर असावा, जेवायला गेलेले हरिपंत असावेत, पगार न मिळालेले गारदी असावेत. आनंदीबाईही असावी, पण त्या भिंतीआड नवऱ्याबरोबर वर्षे काढलेली एक बाई म्हणून. आणि राघोबा निसटू नये. मिठी मारून बसलेला पुतण्या त्याच्या अंगावरून ओढून काढला गेला, तेव्हा त्याचे हात कोठे होते, हे त्या कादंबरीकाराने लिहावे.