नायक पडला, हेल्पलाईनचं काय?

अ‍ॅलेक्स गिबनीला २००९ मध्ये वेगळीच फिल्म करायची होती. कॅन्सरमधून उठून सात वेळा ‘टूर द फ्रान्स’ जिंकलेला लान्स आर्मस्ट्राँग निवृत्ती मोडून पुन्हा सायकलवर बसत होता आणि गिबनी कॅमेरा घेऊन त्याच्या मागे होता. नावही ठरलं होतं, ‘द रोड बॅक’. मग उत्तेजकांची चौकशी सुरू झाली आणि फिल्म डब्यात गेली. आर्मस्ट्राँगनं जानेवारी २०१३ मध्ये ओप्रा विन्फ्रीसमोर कबुली दिल्यावर त्या जुन्या फूटेजला नव्या मुलाखती जोडून ‘द आर्मस्ट्राँग लाय’ तयार झाली. आपणही या माणसावर भाळलो होतो, हे गिबनी लपवत नाही. फिल्मचा सगळ्यात प्रामाणिक भाग तोच आहे.

करमाडला मोबाईलवर दोन रात्रींत ती पाहून संपवली. दोन तासांची फिल्म आहे आणि पकड सुटत नाही. सगळ्यात लक्षात राहते बेट्सी अँड्र्यू, आर्मस्ट्राँगच्या एका सहकाऱ्याची बायको. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये हॉस्पिटलच्या खोलीत आर्मस्ट्राँगनं डॉक्टरांना आपण कोणकोणती उत्तेजकं घेतली ते सांगितलं आणि ते आपण कानांनी ऐकलं, हे तिनं शपथेवर सांगितलं होतं. त्याबद्दल पुढं कित्येक वर्षं तिची बदनामी झाली. म्हणजे ज्या आजारपणातून जगाला नायक मिळाला, त्याच आजारपणातल्या एका खोलीत त्याच्याविरुद्धचा साक्षीदारही तयार झाला होता.

पण फिल्म संपल्यावर एक प्रश्न उरतो. आर्मस्ट्राँगनं १९९७ मध्ये काढलेली कॅन्सर संस्था, जिचं नाव पुढं ‘लिव्हस्ट्राँग’ झालं, ती या फिल्ममध्ये येते ती मुख्यतः ढाल म्हणून. कॅन्सर रुग्णांच्या कैवाऱ्याला खोटारडा कोण म्हणणार? मुद्दा बरोबर आहे. पण ढालीच्या आत माणसं होती. त्यांचं काय झालं, हे विचारायला गिबनी थांबत नाही.

आधी पैशाचा हिशेब पाहू. १० ऑक्टोबर २०१२ ला अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेनं हजार पानांहून मोठा पुरावा खुला केला. २६ साक्षीदार, त्यात ११ जुने सहकारी. १७ ऑक्टोबरला आर्मस्ट्राँगनं संस्थेचं अध्यक्षपद सोडलं आणि त्याच दिवशी नायकेनं करार तोडला. पाठोपाठ बिअर कंपनी आनहॉयझर-बुश गेली, सायकलवाली ट्रेक गेली. २२ तारखेला जागतिक सायकलिंग संघटनेनं सातही विजेतेपदं काढून घेतली, तेव्हा ओकलीही गेली. त्या दिवसांत आपले साडेसात कोटी डॉलर बुडाले, असा अंदाज आर्मस्ट्राँगनं स्वतःच ओप्राला सांगितला. गरज सरो, वैद्य मरो.

आता २००१ ची नायकेची जाहिरात आठवा. लोक विचारतात मी कशावर आहे, असं आर्मस्ट्राँग त्यात म्हणतो आणि उत्तर देतो: मी सायकलवर आहे, रोज सहा तास. म्हणजे कंपनीनं नुसते बूट विकले नव्हते, त्याचा इन्कारही विकला होता. करार तोडताना ती म्हणाली की आपलीच दशकभर दिशाभूल झाली. झालीही असेल. पण त्या दशकाचा नफा कुणी परत मागितल्याचं ऐकिवात नाही.

वाचकांनी मात्र पैसे परत मागितले. ‘इट्स नॉट अबाउट द बाइक’ (२०००) हे आर्मस्ट्राँगचं आत्मचरित्र खरं समजून घेतलं, ती आमची फसवणूक आहे, असा दावा कॅलिफोर्नियातल्या काही वाचकांनी कोर्टात नेला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो २०१३ मध्ये फेटाळला गेला. निकाल मला योग्य वाटतो. आत्मचरित्रातल्या थापांवर खटले चालू लागले तर आपल्याकडची निम्मी कपाटं रिकामी होतील. पण त्या वाचकांचं दुखणं खरं होतं. त्यांनी एक कथा विकत घेतली होती. नायकेनंही तीच घेतली होती. फरक एवढाच, की कंपनीच्या करारात बाहेर पडायचं कलम असतं. पुस्तकाच्या पावतीवर ते नसतं.

संस्थेकडे तर असं कलम असूच शकत नाही. २००४ मध्ये नायकेच्या मदतीनं पिवळे रबरी पट्टे निघाले, एक डॉलरला एक. आठ कोटींहून जास्त खपले. त्याच्या नकला आपल्या रस्त्यांवरही आल्या. गुलमंडीवर पाच-दहा रुपयांना मिळायच्या आणि ज्यांना आर्मस्ट्राँग कोण हे माहीत नव्हतं तेही हातात घालून फिरायचे. घोटाळा फुटल्यावर नायकेनं सांगितलं की आर्मस्ट्राँगला सोडलं तरी संस्थेला सोडणार नाही. मे २०१३ मध्ये तीही साथ सुटली. नायकेसोबतच्या त्या नात्यातून संस्थेला दहा कोटी डॉलरहून जास्त मिळाले होते. कान्सास सिटीतल्या फुटबॉल स्टेडियमला संस्थेचं नाव होतं, तेही जानेवारी २०१३ मध्ये उतरलं. सामान्य देणगीदार मात्र लगेच पळाले नाहीत. ऑगस्ट २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगनं आरोपांविरुद्ध लढणं सोडलं तेव्हा देणग्या उलट काही दिवस वाढल्या होत्या. घसरण पुढच्या वर्षांत आली, हळूहळू, कॅमेरे निघून गेल्यावर.

ही संस्था नवी औषधं शोधत नव्हती. फोन उचलत होती. निदान झालेल्या माणसाला विमा कसा मिळेल, उपचारांआधी मूल होण्याची शक्यता कशी राखून ठेवता येईल, कुठल्या डॉक्टरला काय विचारायचं, हे फुकट समजावून सांगत होती. या कामाची किंमत आमच्या भागात कळते. मराठवाड्यातून छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात येणाऱ्या नातेवाइकांना आजाराइतकंच कागदांचं भय असतं. महात्मा फुले योजनेला कुठलं रेशनकार्ड चालेल, कुठल्या खिडकीवर जायचं, सही कुणाची. हे सांगणारा एक माणूस भेटला तर अर्धा दिवस वाचतो. तसा फोन बंद झाला तर बातमी होत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि ओल्याचा धूर फिल्ममध्ये दिसत नाही.

ब्रँडचा हिशेब किती थंड असतो, ते मारिया शारापोव्हाच्या वेळी दिसलं. मार्च २०१६ मध्ये मेल्डोनियम सापडल्याचं तिनं स्वतः जाहीर केलं. नायकेनं करार थांबवला, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं तिचं सदिच्छादूतपद स्थगित केलं. जूनमध्ये तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि त्याच दिवशी नायके परत तिच्यासोबत उभी राहिली. चूक मुद्दाम नव्हती, असं कारण दिलं गेलं. ते खरंही असेल. तरी परत यायचं कधी, हे कंपनीच ठरवते.

आपल्याकडे काय? नरसिंग यादव हा तीन वेळचा महाराष्ट्र केसरी. मुंबईत दूध विकणाऱ्या माणसाचा मुलगा, महाराष्ट्र पोलिसांत अधिकारी. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर २५ जून २०१६ ला सोनिपतला घेतलेल्या नमुन्यात मेथांडिएनोन सापडलं. अन्नात कुणीतरी कालवलं, हे त्याचं म्हणणं. नाडाच्या समितीनं १ ऑगस्टला ते मान्य केलं, क्रीडा लवादानं १८ ऑगस्टला फेटाळलं आणि चार वर्षांची बंदी घातली. इथं करार तोडणाऱ्या कंपन्यांची रांग लागली नाही, कारण पैलवानाच्या मागे अशी रांग मुळात नसतेच. त्याचा प्रायोजक म्हणजे घरचा खुराक, तालमीचा वस्ताद आणि नंतर सरकारी नोकरी. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून दिलेल्या सात हजारांवर. पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढवून ते पैसे फेडले. हा करार कागदावर नव्हता, म्हणून तो मोडायची सोयही नव्हती. त्यात पैलवान पडला तर घर जातं.

म्हणूनच मला गिबनीची फिल्म अपुरी वाटते. तिला खोट्याची यंत्रणा कळली आहे: रक्त, डॉक्टर, धमक्या, पैसा. पण खोट्याचं बिल कुणी भरलं, हे पाहताना कॅमेरा पुन्हा पुन्हा आर्मस्ट्राँगच्याच चेहऱ्यावर जातो. २०२० मध्ये ईएसपीएननं काढलेल्या ‘लान्स’ या दोन भागांच्या डॉक्युमेंटरीचं नावही त्याचंच. नायक असताना त्याचा चेहरा विकला गेला, पडल्यावरही तोच विकला जातोय. संस्थेवर कुणी तेवढीच मोठी फिल्म केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आणि ती संस्था अजून चालू आहे. २०१४ मध्ये ऑस्टिनच्या नव्या मेडिकल कॉलेजला कॅन्सर विभागासाठी पाच कोटी डॉलर द्यायचं तिनं जाहीर केलं, तेही त्या बदनाम काळात साठलेल्या पुण्याईवर. पट्टे ज्यांनी घेतले त्यांचा डॉलर खरा होता, माणूस खोटा निघाला तरी.

आर्मस्ट्राँगला यातून सूट मिळत नाही. उलट त्याचा गुन्हा वाढतो. त्यानं स्पर्धेत फसवलं, साक्षीदारांना छळलं आणि रुग्णांच्या गरजेला आपल्या चेहऱ्याचं ओझं बांधून ठेवलं. प्रश्न आपल्यालाही आहे. जालना रोडवरून घाटीकडे धावणाऱ्या कितीतरी रुग्णवाहिकांवर कुठल्या ना कुठल्या भाऊंचा, दादांचा फोटो असतो, आणि फोन नंबर त्याच्या खाली बारीक अक्षरात. भाऊ उद्या पक्ष बदलतील, निवडणूक हरतील, कुठल्या प्रकरणात सापडतील. गाडीत डिझेल तरीही लागेल. नंबर फोटोपेक्षा मोठा छापा, आणि डिझेलचा खर्च भाऊंच्या नावावर न चालता कुठं चालेल ते आत्ताच ठरवा. लिव्हस्ट्राँगनं नाव बदललं, पण पडझड झाल्यावर.