अजिंठ्याची भिंत आणि पडद्यावरचं चित्र

आता नकलेचा प्रश्न घेऊ. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला १८४४ साली रॉबर्ट गिल यांची नेमणूक झाली. त्यांच्या बहुतेक नकला १८६६मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी कामाला बसले. त्यांच्याही अनेक नकला १८८५मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. मूळ भिंत मात्र उभी आहे, पोपडे उडालेली.

आज हे पोपडे संगणकावर भरून काढतात. पद्मपाणी कालच रंगवल्यासारखा दिसतो. बघायला छान वाटतं, मलाही वाटतं. पण त्यात मूळ किती आणि अंदाज किती? अंदाज करणं गैर नाही हो, तो लपवणं गैर. कारण मग पहिल्या लेण्यात गेलेला माणूस म्हणतो, ‘फोटोत बरं दिसत होतं.’ म्हणजे नकलेपुढे मूळ पुरावाच उणा ठरला!

गिलना जे जमण्यासारखं नव्हतं ते पडद्यावर सहज जमतं. बोट लावलं की भरलेला रंग बाजूला व्हावा आणि खाली उरलेली भिंत दिसावी. एवढी सोय नसेल, तर त्या चित्राला सुंदर जरूर म्हणा; इतिहास म्हणू नका.