पाडवा रस्त्यावर आला तेव्हा
डोंबिवलीच्या स्वागतयात्रेचे एक वाचन

गुढीपाडव्याच्या सकाळी फडके रोडवर उभे राहिले की ढोल-ताशे, लेझीम, नऊवारीतल्या दुचाकीस्वार स्त्रिया आणि चित्ररथ पाहून कोणालाही वाटावे, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. निवेदकही ध्वनिक्षेपकावरून ‘आपली प्राचीन परंपरा’ असेच सांगतात. प्रत्यक्षात ही यात्रा सुरू झाली 1999 साली. श्री गणेश मंदिर संस्थानाने ती काढली आणि कल्पना आबासाहेब पटवारी यांची होती.

पाडव्याचा मूळ विधी घराचा आहे. वेळूची काठी, रेशमी खण, कडुलिंबाचा डहाळा, गाठी, वर पालथा तांब्या, मग पंचांगवाचन. हे सारे उंबरठ्याच्या आत किंवा फार तर खिडकीपर्यंत. मिरवणूक ही गणपतीची, पालखीची, शिवजयंतीची. म्हणजे यात्रेने तिथी पाडव्याची घेतली आणि रूप मात्र दुसरीकडून आणले. त्या रूपाचा एक धागा 1893 साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सुरू झालेल्या सार्वजनिक गणेशोत्सवापर्यंत मागे नेता येतो. घरातला देव चौकात आणण्याची ती युक्ती शंभर वर्षांनी गुढीला लागू झाली.

पण ती डोंबिवलीतच का? माझ्या मते उत्तर लोकवस्तीत आहे. गिरगाव, दादर, लालबागच्या चाळींत जागा पुरेनाशी झाली, तसा मराठी मध्यमवर्ग मध्य रेल्वेच्या मार्गाने इथे आला. दिवसाचे कित्येक तास लोकलमध्ये जाणाऱ्या या माणसांना घर मिळाले, पण वाडीचा चौक मिळाला नाही. 1924 साली स्थापन झालेले गणेश मंदिर ही त्यांची एकमेव सामाईक जागा. पश्चिमेच्या भागशाळा मैदानापासून पूर्वेच्या फडके रोडपर्यंत जाणारी यात्रा रुळांनी दुभंगलेल्या गावाचे दोन भाग वर्षातून एकदा जोडते. पुढे ठाणे, गिरगाव अशा ठिकाणीही यात्रा निघू लागल्या. गिरगावातून माणसे उपनगरात गेली होती. आता उपनगरातली प्रथा गिरगावात गेली.

इथपर्यंत कौतुकच. प्रश्न पुढे आहे. ही यात्रा नेमकी कोणाचे गाव दाखवते? डोंबिवलीच्या मूळ गावठाणांतले आगरी-कोळी, एमआयडीसीतले कामगार, दाक्षिणात्य आणि उत्तर भारतीय कुटुंबे यांना तिच्यात जागा आहे का, आणि असेल तर यजमान म्हणून की पाहुणे म्हणून? नावाचा भेदही अर्थपूर्ण आहे. ‘स्वागतयात्रा’ म्हटले की चालणारा महत्त्वाचा ठरतो, ‘शोभायात्रा’ म्हटले की पाहणारा. तसेच एके ठिकाणी ‘मराठी नववर्ष’ लिहिले जाते, दुसरीकडे ‘हिंदू नववर्ष’. या दोन शब्दांनी दोन वेगळे समुदाय बोलावले जातात, आणि कोणता शब्द निवडला हे कोणी सहसा विचारत नाही. निवडणूक जवळ आली की फलकांवरचे चेहरे गुढीपेक्षा मोठे होतात, हेही खरे. चित्ररथ पाणी वाचवा म्हणतात, पण ज्या खड्ड्यांतून रथ जातो त्यांच्यावर सहसा बोलत नाहीत.

2020 चा पाडवा 25 मार्चला आला, देशव्यापी टाळेबंदीचा तो पहिला दिवस. त्या वर्षी गुढी पुन्हा फक्त घराची झाली. 2022 साली राज्यातले निर्बंध पाडव्यालाच उठले आणि यात्रा परतली. विधी आणि यात्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या खंडाने सिद्ध केले: एक थांबली तरी दुसरा चालू राहिला.

यात्रा अलीकडची आहे म्हणून ती खोटी ठरत नाही. सार्वजनिक गणेशोत्सवही कधीतरी नवाच होता. तिचे वय लपवले की मात्र तिला घडवणारी माणसे, त्यांची गरज आणि त्यांनी केलेली निवड झाकली जाते. ‘प्राचीन’ गोष्टीला कोणी प्रश्न विचारत नाही. 1999 साली सुरू झालेल्या गोष्टीला विचारता येतात, आणि ती सुधारताही येते. ज्यांनी पहिली यात्रा काढली, त्यांच्यातले अनेक जण आज वृद्ध आहेत. सहभागी संस्थांच्या याद्या, चित्ररथांचे विषय, हस्तपत्रके, छायाचित्रे आणि या मंडळींच्या आठवणी गावातल्या एखाद्या ग्रंथालयाने आताच जमवायला हव्यात. नाहीतर पन्नास वर्षांनी ही यात्रा खरोखरच प्राचीन समजली जाईल, आणि ती खोडून काढायला कागद उरणार नाही.